पाव्हण्याची कोंबडी

"ही धर," म्हणत मामांनी जिवंत कोंबडी माझ्या हातात दिली आणि ते पाय धुवायला मोरीकडे गेले.

मामा म्हणजे माझे सासरे. कोंबडी गावरान होती, तांबडी, पाय सुतळीनं बांधलेले. तिनं मान वाकडी करून माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. दोघींपैकी जास्त घाबरलेली मी होते, आणि ते तिच्या लगेच लक्षात आलं. तिनं पंख झाडले आणि माझ्या पदरावर घाण केली.

"अगं, लेकरासारखी काय पोटाशी धरलीयास?" आतून आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सासूबाई. "उलटी धर. गप बसती मग."

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेरी वडील माळकरी, घरात अंड्याचं नाव निघालं तरी आई चूळ भरायची. सासर विट्याजवळच्या गावातलं, इथं आठवड्याला कोंबडी शिजायची. सासरच्यांनी खायची जबरदस्ती कधी केली नाही. खायची की नाही हे माझ्यावर सोडलं होतं. करायची मात्र माझ्यावरच होती, कारण आत्या मोरीत घसरून पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरात होता. हात माझे, अक्कल त्यांची आणि चवही त्यांची, असा आमचा स्वयंपाक चालायचा.

बुधवारची कोंबडी मला तोवर जमायला लागली होती. बुधवारची म्हणजे सोपी. दुकानातून कापून आणलेली ब्रॉयलर, लाल होईतो परतलेला कांदा, आलं-लसूण, घरची तिखट चटणी, कुकरच्या शिट्ट्या आणि वरून कोथिंबीर. आता माझी मुलगी पुण्याहून फोन करते, "आई, ऑफिसातून आल्यावर पटकन होईल असं चिकन सांग ना," तेव्हा मी तिला हीच सांगते. तिला वाटतं मी फोनवर बोलता बोलता शोधून काढली.

पण त्या दिवशी शुक्रवार होता आणि ही पाव्हण्याची कोंबडी होती.

"उत्तमराव येणार हायत सांजच्याला," मामा पाय पुसत म्हणाले. "निरोप धाडलाय. येतो म्हणलेत."

आत्यांनी आधी मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मालनला इचारलं?"

"तिला काय इचारायचं? कोंबडी आणलीया. जेवतील. मिटंल."

त्या घराण्यात रीतच तशी होती. रुसून माहेरी आलेल्या लेकीचा नवरा सासुरवाडीला येऊन कोंबडी जेवला, की भांडण संपलं. कोण चुकलं, कोण बरोबर, हे कुणी काढायचं नाही. जावयानं हात धुवायचे, सासऱ्यानं सुपारी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची पिशवी दारात. आत्या स्वतः एकदा अशाच परत आल्या होत्या. "माझ्या बापानं बोकड कापला होता," असं त्या जरा अभिमानानं सांगायच्या.

मालनवन्सं, माझी थोरली नणंद, मागच्या पायरीवर मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी कोंबडी घेऊन मागं गेले तर त्यांनी माझ्या हातातून ती घेतली, सवयीनं पंखांखाली धरली, आणि माझा नवरा सुरी घेऊन येईपर्यंत तिच्या मानेवरून बोट फिरवत राहिल्या.

"किती वजनाची आणली बघ," त्या म्हणाल्या. वडलांना त्या आण्णा म्हणायच्या. "माझी किंमत आण्णांनी एवढी कधी केली न्हवती."

"वन्सं, तुम्हाला जायचं नाही का?"

"मला कुणी इचारलंय का, जायचंय का म्हणून?"

"मी विचारतेय की."

त्या हसल्या. वन्सं हसल्या की त्यांचा एक गाल आधी हलायचा आणि दुसरा मागाहून, जणू त्याला नंतर कळलं.

"वहिनी, तुला एक सांगते. हा माणूस मारत न्हाई, पीत न्हाई, शिवी देत न्हाई. लोक म्हणतात, आणखी काय पायजे? माळावर आमचं घर. गाव लांब. एका बाजूला पोल्ट्रीची शेडं, दुसऱ्या बाजूला नुसता माळ. सासू-सासरे कवाच गेले. बोलायला एकच माणूस, आणि तो बोलत न्हाई. 'जेवता का?' म्हटलं तर येऊन बसणार. 'कसं झालंय?' म्हटलं तर 'हं'. पाच वर्षं 'हं'."

"स्वभाव असतो एकेकाचा."

"मलाबी तसंच वाटलं. मग एक दिवस मी कालवणात मीठच घातलं न्हाई. मुद्दाम. म्हटलं, आता तरी बोलंल. चिडंल. ताट ढकलंल." त्यांनी मटकीतला एक खडा काढून लांब भिरकावला. "सगळं जेवले. ताट पुसून जेवले. उठले, हात धुतले, शेडात गेले. तवा मला वाटलं, इथं मी हाय काय आणि न्हाई काय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आले."

हे त्यांनी मामांना सांगितलं होतं. मामा म्हणाले होते, "मिठासाठी कुणी नवरा सोडतं व्हय?" त्यानंतर वन्सं कुणाला काही सांगायला गेल्या नाहीत.

"मी आज त्यांच्यासाठी भाकरीसुदीक थापणार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं त्यांच्या ताटात पडलं की ते 'होय' झालं. ज्याला जेवू घालायचं त्यानं घाला. त्यांनी जेवावं, आण्णांनी सुपारी द्यावी. मी मात्र एक शब्द ऐकल्याबिगर जाणार न्हाई."

म्हणजे दिवसभर त्या घरात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध चालू होत्या. मामांना हवं होतं की पाव्हण्यानं जेवावं. वन्संना हवं होतं की पाव्हण्यानं बोलावं. आणि मधे मी, चुलीपुढं, जन्मात कधी न चाखलेला पदार्थ करत.

कोंबडीची पिसं काढून, हळद लावून, जाळावर भाजून ह्यांनी तुकडे करून दिले. आत्या पाटावर बसून हुकूम सोडायला लागल्या.

"आधी हळद-मिठात शिजू दे. झाकणावर पाणी ठेव. तेच गरम पाणी आत घालायचं, गार घातलंस तर मांस आखडतं. गावरान हाय ती, बुधवारची न्हवं. तिला येळ लागतो."

मी कांदा विस्तवात भाजला, खोबरं भाजलं, तीळ, धणे, खसखस परतली. पाट्यावर वाटायला बसले.

"खोबरं करपलं," मागच्या दारातून आवाज आला.

वन्सं उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"तुम्ही हात लावणार नाही म्हणालात ना?"

"हात कुठं लावलाय? नाक हाय मला."

थोड्या वेळानं पुन्हा. "वाटण जाडं राहिलं."

"मालन," आत्या म्हणाल्या, "एक तर ये, न्हाईतर जा. दारात उभी राहून माझ्या सुनेला घाबरवू नगं."

वन्सं गेल्या. पण फोडणीत चटणी पडली आणि घरभर ठसका उठला, तेव्हा बाहेरून दोन शिंका ऐकू आल्या आणि मागोमाग, "जाळ कमी कर, काळी पडंल." मी जाळ कमी केला. खरं सांगायचं तर ती कोंबडी तीन बायकांनी मिळून केली, त्यातली एक प्लॅस्टरात आणि एक असहकारात.

अर्धे तुकडे सुक्यासाठी काढले, बाकीचे रश्श्यात. तर्री वर आली, लालभडक. आत्यांनी माझ्या पळीतून डाव्या तळहातावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले.

"बरं झालंय," त्या म्हणाल्या. आत्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे सोन्याचं कडं.

दाजी दिवे लागायच्या सुमाराला आले. जावयाला आम्ही दाजी म्हणतो. उत्तमदाजी थोराड अंगाचे, केस पाणी लावून बसवलेले, पांढरा सदरा नुकता घडीतून काढलेला. एम-एटी गाडीला मागं अंड्यांचे ट्रे बांधले होते. ते त्यांनी सोडून ओट्यावर ठेवले, आणि मग आपले हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

"या, पाव्हणं. कसं काय?"

"बरं हाय."

"कोंबड्यांची बॅच कशी हाय?"

"हाय."

"पाऊस न्हाई तुमच्याकडं?"

"न्हाई."

मामा बिचारे एकटेच दोघांचं बोलणं ओढत होते. दाजी हं, हं करत होते आणि दर थोड्या वेळानं त्यांची नजर आतल्या दाराकडे जात होती. वन्सं माजघरात पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेल्या, हाताची घडी घालून. मी पाणी घेऊन गेले तेव्हा दोघांच्या मधे एक पडदा होता आणि दोघंही त्या पडद्याकडेच बघत होते.

ताटं मांडली. मामा, दाजी आणि माझा नवरा ओळीनं बसले. भाकरी, सुकं, कांदा, लिंबू, दही. मी रश्श्याचं पातेलं घेऊन दाजींपुढं वाकले तर त्यांनी वाटीवर पंजा ठेवला.

"नको."

"लाजू नका, दाजी."

"नको." मग त्यांनी ताटातलं सुकं एका बोटानं कडेला सारलं, भाकरी मोडली आणि दह्याला लावली.

मामा हसले. "पाव्हणं, आवो पोल्ट्रीवाल्याला कोंबडीचं काय कवतिक म्हणून न्हवं ना? गावरान हाय. गावभर हिंडून आणलीया."

"दिसतंय," दाजी म्हणाले. "पण नको."

मामांचं हसू तिथंच थांबलं, मिशीच्या वर, आणि हळूहळू खाली उतरलं.  मी पातेलं घेऊन तशीच आत आले.

"आत्या, ते खाईनात."

"काय खाईनात?"

"कोंबडी. दही-भाकरी खातायत. आत्या, काहीतरी चुकलंय माझं. वासावरनंच कळलं असंल त्यांना."

"काय चुकलं न्हाई. मी चाखलंय."

पण माझा धीर सुटला होता. वन्संचा संसार माझ्या पातेल्यात बुडाला असं वाटायला लागलं. खात्री तर करायलाच हवी होती. मी पळी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा कोंबडीचा रस्सा तोंडात घातला. आधी वडील डोळ्यांपुढं आले, गळ्यातल्या माळेसकट. मग घसा भाजला. मग लक्षात आलं की मीठ बरोबर आहे, तिखट बरोबर आहे, आणि हे लोक आठवड्याला एकदा कशासाठी एवढे आनंदी होतात तेही समजलं.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. "झाली खात्री?"

मी मान हलवली आणि तोंड पुसलं.

बाहेर मामांचा आवाज चढला होता. "म्हंजे आमचं अन्न चालत न्हाई तुमाला. तसं सांगा की मग. आमी लेक घरात ठिवून घ्यायला कमी न्हाई."

"तसं न्हाई," दाजी.

"मग कसं हाय?"

दाजी गप्प.

"कसं हाय, बोला की."

माझा नवरा घास हातात धरून बसलेला.

माजघरातून वन्संनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "दाजी कोंबडी नको म्हणतायत." मला वाटलं त्यांना बरं वाटेल. जेवले नाहीत तर मिटलं नाही, मिटलं नाही तर कुणी त्यांना धाडणार नाही. पण वन्संचा चेहरा वेगळाच झाला. त्या उठल्या, पडद्याच्या फटीतून बराच वेळ बघत राहिल्या. दाजींचा हात भाकरीकडे जाताना सुक्याच्या बाजूनं जायचा, तिथं किंचित थांबायचा आणि मग वळसा घालून दह्याकडे जायचा. माझं ह्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

वन्संनी पडदा सारला आणि त्या सगळ्यांपुढं दारात उभ्या राहिल्या.

"काय सोडलंय?" त्या म्हणाल्या.

दाजींनी मान वर केली नाही.

"तुमाला इचारतीय. तापानं फणफणला तरी कोंबडी मागणारा माणूस तुमी. कुणापायी सोडलीया?"

"मालन, आत जा," मामा म्हणाले.

"जाते. उत्तर आलं की जाते." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "सिद्धनाथाला बोललाय?"

दाजी हलले नाहीत. पण त्यांचे कान लाल झाले, दिव्याच्या उजेडात सगळ्यांना दिसले.

"नवस सांगायचा नसतो," माझा नवरा पुटपुटला. "सांगितला की जातो."

"त्यांनी कुठं सांगितलाय?" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तिनं वळखला. वळखलेला जात न्हाई." देवाधर्माच्या बाबतीत आत्यांचा निकाल शेवटचा असायचा.

"कधीपातूर सोडलीया?" वन्संनी विचारलं.

आता दाजींनी एकदाच वर बघितलं, वन्संकडे.  तेच उत्तर होतं. मामांनी हातातला तुकडा हळूच ताटात ठेवला आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले, जणू त्यांना आत्ताच्या आत्ता तिथी पाहायची होती.

मला वाटलं वन्सं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या चिडल्या.

"म्हंजे देवाला सांगितलंत. एवढ्या लांब जाऊन देवाला सांगितलंत. मला सांगायला काय झालतं? मी तर घरातच होते."

दाजी दह्याकडे बघत होते.

"देव उलट इचारत न्हाई," ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"मी काय इचारलं असतं?"

"आधी का बोलला न्हाई, आसं."

"मग काय सांगितलं असतं?"

"त्येच. ठावं न्हवतं."

वन्सं दाराच्या चौकटीला टेकल्या. मग त्यांनी ते विचारलं, जे विचारायला त्या इतके दिवस थांबल्या होत्या.

"त्या दिवशी कालवणात मीठ न्हवतं. कळलं तरी होतं का तुमाला?"

"कळलं होतं."

"कळलं होतं?"

"पयल्या घासाला."

"मग बोलला का न्हाई?"

दाजींनी हातातली भाकरी खाली ठेवली. त्यांना एकदम इतकं बोलायची सवय नव्हती, ते श्वास घेऊन घेऊन बोलत होते. "मला वाटलं, मीठ संपलं आसंल. बोललो, तर तू तशीच उन्हाची गावात जाशील आणायला. चप्पल तुटली होती तुझी. दोन दिस आनवाणी हिंडत होतीस." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी बाजारला गेलो. मीठ आणलं, चप्पल आणली. आलो तर कुलूप."

 चुलीतलं लाकूड खाली सरकलं तेवढाच आवाज.

"कसली चप्पल?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"निळ्या पट्ट्याची."

"मापाची?"

"जुनी घेऊन गेलो होतो. पिशवीत घालून."

वन्संनी तोंड फिरवलं. पदरानं नाक पुसलं, आणि मला वाटतं घरातल्या सगळ्यांनी त्या वेळी तिकडे न बघण्याचं एकदम ठरवलं. माझ्या नवऱ्यानं रिकामा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच बराच वेळ धरला.

मामांना मात्र राहवेना. "झालं तर मग. मिटलं. वाढ गं सुनबाई, रस्सा वाढ. पाव्हणं, आता जेवा."

दाजींनी पुन्हा वाटीवर पंजा ठेवला. "घरी आल्यावर."

"आवो, आली की आता ती."

"घरी आल्यावर. तसं बोललोय."

"आणि मी येते म्हटलेलं न्हाई," वन्सं म्हणाल्या.

मामांनी कपाळाला हात लावला. "आता काय राहिलं?"

"आण्णा, पाच वर्षांत ह्यांनी मला जेवढं सांगितलं न्हाई तेवढं आज एका ताटावर सांगितलं. तेबी कशामुळं, तर कोंबडी समोर होती आणि खाता येईना म्हणून. घरी गेले की जेवतील आणि पुन्यांदा गप." त्या दाजींकडे वळल्या. "तुमी रोज सांजच्याला यायचं. पोल्ट्रीचं आवरलं की यायचं. ओट्यावर बसायचं, माझ्याशी बोलायचं आणि जायचं. मला वाटंल तवा मी येईन."

"रोज?" दाजी म्हणाले.

"रोज."

"काय बोलू?"

"ते तुमी बघा."

त्या रात्री ती गावरान कोंबडी सगळ्यात जास्त मामांनीच खाल्ली, रागानं. सुपारी त्यांनी कुणालाच दिली नाही. वन्संनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि खोबरं करपलेलंच आहे असं सांगितलं.

दाजी दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. दिवे लागले की एम-एटीचा आवाज, मग ओट्यावर ते दोघं, मधे पाण्याचा तांब्या. पहिल्या दिवशी ते खूप वेळ बसले, मग म्हणाले, "पिल्लं आली." वन्सं म्हणाल्या, "आणि?" त्यांनी विचार केला. "खुराक बदलला." "आणि?" वन्संचा एवढाच शब्द. विहिरीतनं पाणी शेंदावं तसं त्या दाजींना शेंदत होत्या. मामा आतून ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "ह्या पोरीनं माझ्या जावयाला शाळेत घातलं."

दाजी शिकले. हळूहळू वाटेत दिसलेलं सांगायला लागले, कुणाची बैलं बुजली, कुणाच्या भिंतीला ओल आली. एकदा लाईट जाऊन शेडात कोंबड्या कशा एका कोपऱ्यात गोळा झाल्या ते त्यांनी हात करून करून दाखवलं. बुधवारी मी सोपी कोंबडी करायचे, तिचा वास ओट्यावर जायचा, आणि त्यांना झुणका-भाकरी. आत्यांना दया यायची. "मालन, किती तळमळवशील त्यांना?" वन्सं म्हणायच्या, "मी कुठं धरलंय? त्यांनीच सोडलीया."

मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर दाजींचं बोलणं नुकतंच संपलं होतं आणि वन्सं नेहमीप्रमाणे "आणि?" म्हणाल्या होत्या. दाजी म्हणाले, "आणि काय न्हाई. तुझं सांग. तू काय केलंस दिवसभर?"

वन्संनी चहा घेतला. आत आल्या आणि ट्रंक उघडून लुगडी पिशवीत भरायला लागल्या. मी विचारलं, "उद्या?" त्या म्हणाल्या, "आत्ता. गाडीवरनं." मामा दारापर्यंत गेले आणि त्यांनी एम-एटीचं टायर दाबून बघितलं.

पंधरवड्यानं वन्सं एक दिवसापुरत्या आल्या. येताना अंडी आणली, आत्यांच्या प्लॅस्टर काढलेल्या हाताला तेल लावून दिलं, आणि मला हाताला धरून मागच्या पायरीवर नेलं. त्यांचे दोन्ही गाल एकदम हसत होते.

"वहिनी, तुला एक सांगायचंय म्हणून आले."

मला वाटलं, गोड बातमी. मी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

"ते न्हवं गं. परवा मी कोंबडी केली. सोपीच, तुझी बुधवारची. वाढली. एक घास खाल्ला आणि मला म्हणाले, रस्सा पातळ झालाय."

"दाजी? असं म्हणाले?"

"तोंडावर. मी म्हटलं, घरात माणसं दोन, घट्ट कुणासाठी करू? तर म्हणाले, दोघांसाठी हाय म्हणून पाणी जास्त घालायचं व्हय? मी म्हटलं, एवढं कळतं तर उद्यापासनं तुमीच करा. तर म्हणाले, करीन, पण आधी रस्सा मुद्दाम पातळ केलास ते कबूल कर." त्यांना सांगता सांगता धाप लागली होती. "इतकं भांडलो, वहिनी, इतकं भांडलो. शेडातल्या कोंबड्या गप झाल्या ऐकायला."